"व्हेज आहे का?" : मॉलमधलं जेवण आणि आजींची माळ



आजचा प्रसंग तुमच्या चांगला ओळखीचा आहे. रविवारची दुपार. गावाहून आई-बाबा व्हिजिट व्हिसावर आलेत. बाहेर ऊन असं की पार्किंगमधून दारापर्यंत जाईतो चपलेखाली डांबर जाणवतं. इथं १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात उघड्यावर काम करायला कायद्यानंच बंदी आहे, यावरून काय ते समजा. मग आपण कुठं जाणार? मॉलमध्ये. दुबईत १९८१ साली अल घुरैर सेंटर उघडलं, १९९५ मध्ये देरा सिटी सेंटर, २००५ मध्ये मॉल ऑफ द एमिरेट्स, २००८ मध्ये दुबई मॉल. इथल्या कुटुंबांसाठी उन्हाळ्यातला पार, बाग आणि बाजारपेठ हे सगळं आता छपराखाली आहे. आजोबा बाकावर बसून माणसं बघतात, मुलं सरकत्या जिन्यावर तीन फेऱ्या मारतात, आणि दीड वाजला की धाकटं ओरडतं, "मला पास्ता!"

इथंच आजचा विषय सुरू होतो. तुम्ही सहाजण टेबलावर बसता. मेनू एवढा जाड की पंचांग बरं. आजी चष्मा लावतात, काढतात, मेनू मिटून ठेवतात आणि म्हणतात, "तुम्ही खा रे. मला काही भूक नाही."

मंडळी, सकाळी आठ वाजता अर्धी भाकरी खाल्लेल्या बाईला दीड वाजता भूक नसते, यावर विश्वास ठेवू नका.

"भूक नाही" म्हणजे काय?

या दोन शब्दांमागं साधारण दोन कारणं असतात. पहिलं पैशाचं. एका दिरहमचे वीसच्या वर रुपये होतात, आणि हा गुणाकार आजींना आपल्यापेक्षा चांगला येतो. साठ दिरहमचा पास्ता त्यांच्या डोक्यात बाराशेच्या पुढं जाऊन बसतो, आणि बाराशे रुपयांत गावाकडं महिन्याचा भाजीपाला येतो. यावर उपाय सोपा आहे. किमतीचा विषय टेबलावर काढायचा नाही, आणि सूप किंवा आधी येणारी एखादी डिश सगळ्यांत मिळून मागवायची. अमेरिकन पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये एकेक ताट दोघांना पुरेल एवढं असतं, त्यामुळं "आपण दोघी अर्धं अर्धं घेऊ" म्हटलं की आजी तयार होतात. उरलेलं बांधून मागायला इथं कुणालाही संकोच वाटत नाही.

दुसरं कारण अवघड आहे आणि आजचा बराचसा वेळ त्याच्यासाठीच ठेवलाय. ते कारण म्हणजे भीती. यात नेमकं काय घातलंय ते मला वाचता येत नाही, आणि तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

हे आमच्याच घरी घडलंय, म्हणून सांगते. माझ्या सासूबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पन्नास वर्षांत मांस, मासे, अंडं तोंडाला लागलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या आल्या असताना आम्ही एका मॉलमध्ये जेवायला गेलो. मी मेनूवर सॅलड पाहिलं. हिरवी पानं, पावाचे कुरकुरीत तुकडे, वर चीज. वेटरला विचारलं, "इज इट व्हेज?" तो हसून म्हणाला, "येस मॅम, व्हेज." सासूबाईंनी आवडीनं खाल्लं. "चिंचेसारखं आंबट-खारट काहीतरी लागतंय गं, छान आहे," असंही म्हणाल्या. बिलाची वाट बघताना माझी पंधरा वर्षांची मुलगी कागदावरचा कोड फोनवर उघडून ॲलर्जीचा तक्ता वाचत बसली होती. तिनं मला हळूच फोन दाखवला. त्या सॅलडच्या ओळीत एका रकान्यात खूण होती : मासे.

ते सीझर सॅलड होतं. त्याच्या ड्रेसिंगमध्ये बहुतेक ठिकाणी अँकोव्ही नावाची खारवलेली बारीक मासळी वाटून घातलेली असते. मला ते माहीत नव्हतं. वेटर खोटं बोलला का? माझ्या मते नाही. त्याला ताटात मांसाचा तुकडा दिसत नव्हता, म्हणून तो "व्हेज" म्हणाला. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

एकच शब्द, चार अर्थ

आपल्याकडं "व्हेज" हा शब्द इतका पक्का झालाय की तो जगभर तसाच चालतो असं आपण धरून चालतो. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असतो. २०००-२००१ च्या सुमारास हे ठिपके कायद्यानं बंधनकारक झाले, आणि त्यात अंडं मांसाहारात धरलं, दूध शाकाहारात. ती व्याख्या आपल्या घरातलीच आहे. त्यामुळं भारतात वाढलेल्या माणसाला काही विचारावंच लागत नाही. ठिपका बघितला की झालं.

इथं तो ठिपका नाही. भारतातून आलेल्या पाकिटावर दिसेल, पण मॉलमधल्या मेनूवर त्याची अपेक्षा धरू नका. मेनूवर कधी हिरवं पान असतं, कधी इंग्रजी "व्ही" अक्षर. त्या "व्ही"चा अर्थ कुठं व्हेजिटेरियन असतो, कुठं व्हीगन. इंग्रजीतल्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं चालतं. म्हणून मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात खुणांचा अर्थ दिलेला असतो, तो आधी वाचायचा.

त्यात टेबलाशी उभा असलेला मुलगा किंवा मुलगी नेपाळची असेल, केनियाची, श्रीलंकेची किंवा फिलिपीन्सची. नेपाळी पोराला आजींची माळ बघूनच कळतं. पण फिलिपीन्समध्ये भाजीच्या पदार्थातही चवीला थोडी कोळंबीची चटणी किंवा फिश सॉस घालायची रीत आहे. तिथं वाढलेल्या मुलीला "भाजीचा पदार्थ" म्हणजे ज्यात मुख्य भाजी आहे तो, एवढंच वाटणं स्वाभाविक आहे. अरबीत "लहम" म्हणजे मांस, पण रोजच्या बोलण्यात तो शब्द बऱ्याचदा मटण-बीफपुरताच धरतात. "नो लहम" म्हटलं आणि चिकन आलं, असं होऊ शकतं. तुमचा तो "व्हेज" शब्द टेबलावरून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचा अर्थ असा दोनदा बदललेला असतो.

हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, पण...

इथं नव्यानं आलेल्यांचा आणखी एक गोंधळ होतो. हलाल म्हणजे इस्लामी नियमांप्रमाणे खाण्यास योग्य. मांस असेल तर ते ठरावीक पद्धतीनं कापलेलं, डुकराचं काही नाही, दारू नाही. मॉलमधल्या बहुतेक कौटुंबिक रेस्टॉरंटांत हे पाळतात. जिथं डुकराचं मांस मिळतं तिथं त्याला वेगळा परवाना लागतो आणि मेनूवर तशी खूण असते.

याचा आपल्याला एक फायदा होतो. ज्या रेस्टॉरंटला दारूचा परवाना नाही, तिथं पास्त्याच्या सॉसमध्ये वाइन नसणार. पण एक गोष्ट मात्र उलटी होते, आणि ती लक्षात ठेवा. जेलाटिन! मार्शमेलो, जेली, पन्ना कोटा, काही मूस आणि न भाजता थंड करून बसवलेली काही चीजकेक, यांना घट्टपणा जेलाटिनमुळं येतो. जेलाटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतं. हलाल जेलाटिन म्हणजे डुकराचं नव्हे, म्हणजेच ते बहुधा गाईगुरांचं किंवा माशांचं. "हलाल आहे ना, मग चालेल" असं म्हणून नातवानं आजीला दिलेला मार्शमेलो आजीच्या दृष्टीनं सगळ्यात न चालणारा असतो.

नावांनीही फसायला होतं. इथं बेकन म्हणजे बीफचं किंवा टर्कीचं. आणि पेपरोनी! आमच्या एका काकांना ती "मिरीची पोळी" वाटली होती. इथली पेपरोनी म्हणजे साधारणतः बीफची मसालेदार सॉसेज, तिच्या चकत्या पिझ्झ्यावर असतात. नाव ऐकून मिरी वाटली तर काकांचा काय दोष?

कुठं काय लपलेलं असतं?

आता कागद-पेन्सिल घ्या. वाचणाऱ्यांना सोपं आहे, ऐकणाऱ्यांसाठी सावकाश सांगते.

पहिलं म्हणजे मासे. सीझर ड्रेसिंग सांगितलंच. वूस्टरशर सॉस नावाचा काळपट सॉस असतो, त्यात मूळ कृतीप्रमाणे अँकोव्ही असते, आणि तो बार्बेक्यू सॉसपासून सूपपर्यंत कशातही असू शकतो. थाई पदार्थांत फिश सॉस, करीच्या वाटणात सुकी कोळंबी. "भाज्यांची थाई करी" म्हटलं तरी वाटण तेच असू शकतं. चायनीज भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. जपानी मिसो सूपचं पाणी बहुधा सुक्या माशाचं. कोरियन किमचीतही फिश सॉस घालतात.

दुसरं, स्टॉक. मांस किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी. टोमॅटो सूप, मशरूम सूप, मेक्सिकन भात, रिझोटो, हे सगळं चिकन स्टॉकमध्ये शिजवलेलं असू शकतं. अरबी मसुरीचं सूप किती साधं! आपल्या आमटीची बहीणच, वरून लिंबू. पण काही ठिकाणी तेही चिकन स्टॉकमध्ये करतात. ताटात तुकडा एकही नसतो, म्हणून वेटर मनापासून "व्हेज" म्हणतो.

तिसरं, अंडं. मेयोनेज, ताजा हातचा पास्ता, पॅनकेक, गुबगुबीत ब्रिऑश बन, भाजलेलं चीजकेक, तिरामिसू, आणि व्हेज बर्गरच्या टिक्कीतसुद्धा ती सुटू नये म्हणून. कोरडा, पाकिटातला स्पॅगेटी किंवा पेन्ने मात्र बहुधा रवाळ गव्हाचं पीठ आणि पाणी एवढ्याचाच असतो. आजींसाठी पास्ता घ्यायचा तर तो.

चौथं, चीज. हे थोडं खोलात आहे. चीज करायला दूध नासवावं लागतं, त्यासाठी रेनेट वापरतात. पूर्वापार ते वासराच्या पोटातून काढत. आज बऱ्याच कंपन्या सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट वापरतात. पण इटलीचं खरं पार्मेजान, ज्याला पार्मिजानो रेज्जानो म्हणतात, त्याच्या नियमातच वासराचं रेनेट आहे. म्हणजे ज्यांना हे चालत नाही त्यांनी पार्मेजान आणि ते घातलेला पेस्टो टाळायचा. काही घरांत एवढं बघत नाहीत, काहींत बघतात. ठरवायचं आजींनी.

पाचवं म्हणजे तेल. फलाफेल आणि चिकनच्या पट्ट्या एकाच कढईत तळलेल्या असू शकतात. फ्रेंच फ्राइजचंही तेच.

बोर्ड तोच, स्वयंपाकघर वेगळं

इथं कुणीतरी म्हणणार, "अहो, पण हाच ब्रँड पुण्यात आहे, आम्ही तिथं बिनधास्त खातो." बरोबर आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं ते बीफशिवाय. शाकाहारी पदार्थांसाठी वेगळं स्वयंपाकघर, बिनअंड्याचं मेयोनेज, हे सगळं भारतासाठी घडवलं होतं. ते त्या ब्रँडचं जगभरचं वागणं नव्हतं. 

याचं जगाला दिसलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला फ्रेंच फ्राइजचा खटला. तिथं कंपनीनं १९९० मध्ये जाहीर केलं की आता फ्राइज वनस्पती तेलात तळू. शाकाहारी हिंदू कुटुंबं निर्धास्त झाली आणि वर्षानुवर्षं खात राहिली. पण कारखान्यात बटाट्यावर आधीच जी प्रक्रिया होई, त्यात बीफपासून काढलेला स्वाद होता, आणि माहितीपत्रकात तो "नॅचरल फ्लेवर" एवढ्याच शब्दांत लपला होता. २००१ मध्ये सिॲटलमध्ये दावा दाखल झाला, भारतातही गदारोळ उठला. भारतातल्या फ्राइजमध्ये तसं काही नाही, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. २००२ मध्ये कंपनीनं माफी मागितली आणि तडजोडीत शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना मिळून १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

यातून घ्यायचा धडा एवढाच की तेल विचारणारे खूप होते, बटाट्याचं विचारणारं कुणी नव्हतं. आणि एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशात चालत नाही. आखातात या चेन बहुतेक फ्रँचायझीनं चालतात. म्हणजे नाव आणि कृती मूळ कंपनीची, दुकान इथल्या एखाद्या मोठ्या समूहाचं. चीजकेक फॅक्टरीनं अमेरिकेबाहेरची पहिली शाखा २०१२ मध्ये दुबई मॉलमध्ये उघडली, ती कुवेतच्या अलशाया समूहामार्फत. कच्चा माल कुठून येतो, मांस कुठलं, मेनूत काय ठेवायचं, हे प्रांताप्रमाणे बदलतं. पुण्याचं उत्तर पुण्यापुरतं.

चेनचा एक मोठा फायदा

एवढं ऐकून वाटेल, यापेक्षा सरळ करामात जावं. सरवणा भवन आहे, शुद्ध शाकाहारी उडपी पद्धतीची हॉटेलं आहेत, कुणाला काही विचारायला नको. जरूर जा. पण मंडळी, आजी इथं दोन महिन्यांसाठी येतात त्या इडली खायला येत नाहीत. नातवंडं जिथं हसत-खिदळत बसतात तिथं त्यांनाही बसायचं असतं. दर वेळी "आजीमुळं आपण तिकडं जाऊ शकत नाही" हे वाक्य घरात म्हटलं गेलं, की ते त्यांच्या कानावर जातंच. मग पुढच्या रविवारी त्या म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घरी पोथी वाचते."

म्हणून सांगते, चेन रेस्टॉरंटला एक गोष्ट फार चांगली असते. तिथं सगळं लिहिलेलं असतं. गल्लीतल्या हॉटेलात आचाऱ्याच्या हाताचा अंदाज असतो. चेनमध्ये सॉस कुठल्या डब्यातून येतो, त्यात काय आहे, हे कागदावर असतं. बहुतेक मोठ्या चेनकडं ॲलर्जीचा तक्ता असतो. डावीकडं पदार्थ, वर दूध, अंडं, मासे, कवचवाले जलचर, कालवं, गहू, शेंगदाणे वगैरे. आपल्याला त्यातले चार रकाने पुरतात : अंडं, मासे, कवचवाले जलचर आणि कालवं.

पण त्या तक्त्याची मर्यादाही ओळखा. तो ॲलर्जीसाठी आहे, धर्मासाठी नाही. चिकन स्टॉक, जेलाटिन आणि रेनेट हे नेहमीच्या ॲलर्जीच्या यादीत येत नाहीत. त्यामुळं तक्ता कोरा दिसला तरी ही तीन नावं तोंडानं विचारावीच लागतात.

मग विचारायचं कसं?

"व्हेज आहे का?" हा प्रश्न बंद करा. त्याला उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि गर्दीच्या वेळी "हो" सोपं असतं. त्याऐवजी घटकाचं नाव घेऊन विचारा. "सूप कशात शिजवता, पाण्यात की चिकन स्टॉकमध्ये?" "ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही आहे का?" "फ्राइजचं तेल वेगळं आहे का?" असा प्रश्न आला की वेटरला अंदाजानं उत्तर देता येत नाही, तो आत जाऊन विचारून येतो. तो आत गेला म्हणजे आपलं काम झालं. वेळ लागला तर लागू द्या, आणि तो परत आला की नीट आभार माना.

दुसरी युक्ती, "व्हीगन" हा शब्द वापरा. व्हीगन म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध, मध, जेलाटिन काही नाही. एखादा पदार्थ व्हीगन असेल तर तो आजींना चालणारच, आणि वर दही-चीज चालत असेल तर ते वेगळं मागा. अरबी रेस्टॉरंटमध्ये "नबाती" हा शब्द उपयोगी पडतो, वनस्पतींचं या अर्थी.

तिसरी गोष्ट, खोटं बोलू नका. बरेचजण सरळ "ॲलर्जी आहे" म्हणून मोकळे होतात. त्यानं स्वयंपाकघरात खरीखुरी धावपळ होते, कधी "मग आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही" असंही ऐकावं लागतं, आणि नंतर आजींनी गहू खाल्ला तर तुमचं पितळ उघडं पडतं. "धार्मिक कारण आहे" एवढं सांगा. या देशात त्या वाक्याचा मान ठेवतात, कारण इथं बहुतेकांच्या घरी असं काहीतरी पाळलेलं असतं.

उपासाचं मात्र जरा समजावून सांगावं लागतं. इथं "फास्टिंग" म्हटलं की समोरच्याला रोजा आठवतो, म्हणजे सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. मग "फास्टिंग आहे, पण काय मिळेल खायला?" या प्रश्नावर तो बिचारा बघतच राहतो. त्याऐवजी सांगा, आज धान्य खायचं नाही, फळं-बटाटा-दूध चालतं. भाजलेला अख्खा बटाटा आणि लोणी, साधं दही, कापलेली फळं, ताजा रस, सुकामेवा, यावर संकष्टीची दुपार निभावते. फ्राइज मात्र विचारून घ्या. कुरकुरीतपणासाठी काही गोठवलेल्या फ्राइजवर तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाचा हलका लेप असतो.

आणि काही सुचेनाच, तर लेबनीज रेस्टॉरंट गाठा. हमस, मुतब्बल, ताबुले, फत्तुश, झातर लावलेली मनाकीश. मुतब्बल म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत, शेंगदाण्याच्या कुटाऐवजी तिळाचं वाटण. फलाफेल हा आपल्या डाळवड्याचा चुलतभाऊ, फक्त तेल विचारून घ्या. हमस मागवताना "वर मांस नको" हे सांगायला विसरू नका, कारण खिमा घातलेला हमसही मिळतो. आमच्या सासूबाईंनी मुतब्बल खाऊन पहिला प्रश्न विचारला, "यात लसूण जरा कमी नाही का?"

घरून निघायच्या आधी

खरी तयारी मॉलमध्ये होत नाही, घरी होते. आजी-आजोबा आले की पहिल्याच आठवड्यात चहा पिताना त्यांना विचारा. अंड्याचा केक चालेल का? एकाच तेलात तळलेलं चालेल का? चीजबद्दल काय म्हणता? कांदा-लसूण कुठल्या दिवशी नाही? तुम्हाला वाटतं तुम्हाला ठाऊक आहे. आम्हालाही वाटत होतं. पण गावी हे प्रश्न कधी उभेच राहिलेले नसतात, त्यामुळं त्याची उत्तरं घरात कुणी बोललेलीच नसतात. कुणी म्हणेल, "तेलाचं मी एवढं बघत नाही, देव समजून घेतो." कुणी म्हणेल, "नको बाई, मला नुसती फळं दे." दोन्ही उत्तरं त्यांची आहेत. आपण आपल्या सोयीनं त्यांच्या वतीनं ठरवू नये, आणि त्यांच्यापेक्षा कडकही होऊ नये.

मग रेस्टॉरंट ठरलं की मेनू आदल्या रात्री फोनवर उघडा. त्यांच्यासाठी दोन-तीन पदार्थ हेरून ठेवा, आणि ते त्यांना मराठीत वाचून दाखवा. टेबलावर बसल्यावर आजींना "तुला काय हवं?" असं मोघम विचारण्याऐवजी "मुतब्बल की मशरूमचा पास्ता?" असं विचारता आलं पाहिजे. निवड त्यांची राहते, आणि वाचता न येण्याचा संकोच राहत नाही.

बिलाचं एका वाक्यात. २०१८ पासून इथं ५ टक्के व्हॅट आहे आणि मेनूवरच्या किमतीत तो धरलेलाच असायला हवा, त्यामुळं बिलावर तो वेगळा दिसला तरी वर आणखी भरायचा नसतो. आणि एसीसाठी आजींची शाल गाडीत राहू देऊ नका.

त्या दिवशी पुढं काय झालं

काहीजण विचारतील, मग त्या सॅलडचं तुम्ही सासूबाईंना सांगितलं का? नवऱ्याचं मत होतं, सांगू नये. झालं ते झालं, उगाच जिवाला लागेल. मी गाडीत बसेपर्यंत विचार केला. पण माळ त्यांची होती. त्यांच्या व्रतात काय घडलं हे त्यांच्यापासून लपवायचा अधिकार मला आहे असं काही वाटेना. शेख झायेद रस्त्यावर गाडी लागली तेव्हा मी सांगितलं.

त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं. पण नीट नाही विचारलं."

"मग आता नीट विचारायला शीक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. का, ते बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. पण पुढच्या रविवारी "मी घरी पोथी वाचते" असं त्या म्हणाल्या नाहीत. आमच्याबरोबर आल्या. मेनू आला तसा त्यांनी तो माझ्या मुलीपुढं सरकवला आणि म्हणाल्या, "वाच गं. माशाचा रकाना आधी बघ."

मंडळी, आपण इथं आई-वडिलांना बोलावतो तेव्हा तिकीट काढतो, विमा काढतो, बुर्ज खलिफा दाखवतो. पण मॉलमधल्या त्या टेबलावर पन्नास वर्षांचं एखादं व्रत आपल्या एका इंग्रजी प्रश्नावर अवलंबून असतं. वाचता येणारे डोळे तिथं आपलेच असतात. तेव्हा तो प्रश्न नीट विचारा, आणि जमलं तर घरातल्या मुलांनाही विचारायला शिकवा. आमच्या घरात आता ते काम मुलीकडं आहे, आणि ती आईपेक्षा बारकाईनं करते.

तर येत्या रविवारी जेवायला जाल तेव्हा आजी "भूक नाही" म्हणाल्या, तर आधी मेनूचा तळ वाचा. पुन्हा भेटूच. तोवर पोटभर जेवा, निर्धास्त जेवा. नमस्कार!